विसार देण्याआधी घर कोण पाहणार?

रत्नागिरीत जुना फ्लॅट किंवा घर घ्यायचं ठरलं, की बरीच माणसं कामाला लागतात. वकील सातबारा, फेरफार आणि जुनी खरेदीखतं चाळून सर्च रिपोर्ट देतो. कर्ज काढायचं असेल तर बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर येऊन किंमत ठरवून जातो. एजंट गच्चीवर नेऊन समुद्र दाखवतो. मग विसार दिला जातो, साठेखत होतं, गृहप्रवेशाचा मुहूर्त निघतो. एवढ्या सगळ्या वाटेवर बाथरूमखालचा स्लॅब मात्र कोणी बॅटरी मारून पाहिलेला नसतो. पहिल्या पावसाळ्यात ओल उतरते, पुढच्या पावसाळ्यात प्लॅस्टर सुटतं, आणि आयुष्याची पुंजी घातलेल्या घरात एक दिवस तांबडी सळई डोकावते.

मी स्थापत्य अभियंता. पदवीनंतर पुण्यात बांधकामाच्या साइटवर नोकरी केली आणि घरच्या कारणाने रत्नागिरीला परत आले. आले तशी ओळखीतली माणसं विचारायला लागली, ‘मॅडम, विसार द्यायच्या आधी एकदा येऊन बघून जाल का?’ विचारणाऱ्यांत बहुतेक मुंबईचे चाकरमानी असत. निवृत्तीनंतर गावाकडे राहायचं म्हणून नाचणे, कुवारबाव, शिरगाव भागात फ्लॅट शोधणारे. मी जात असे, पाहत असे, जे दिसलं ते सांगत असे. पण माझ्या सांगण्याला आधार काय, हा प्रश्न मला छळायचा. त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या माझ्या मामेबहिणीने घर घेतलं. तिच्या घराचा तपासणी अहवाल तिने मला पाठवला. छप्पर, वायरिंग, नळजोडणी, तळघरातली ओल, प्रत्येक गोष्टीचा फोटो आणि खाली शेरा. तिथे हे काम करायला राज्य सरकारचा परवाना लागतो. १८० तासांचं प्रशिक्षण, त्यातले ४० तास प्रत्यक्ष घरांवर, आणि वर परीक्षा. मी ठरवलं, आपणही परवाना काढायचा आणि हे काम रीतसर करायचं.

असा परवाना आपल्याकडे नाही, हे कळायलाच मला बराच काळ लागला. कारण ‘नाही’ असं कोणी म्हणत नाही. प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो.

एकाने सांगितलं, महारेराचं बघा. पाहिलं, तर तिथे २०२३ पासून परीक्षा आणि प्रमाणपत्र सक्तीचं झालंय ते एजंटांना, म्हणजे घर विकून देणाऱ्यांना. दुसऱ्याने सांगितलं, व्हॅल्युअर व्हा. दिवाळखोरी आणि नादारी मंडळाकडे ‘जमीन व इमारत’ या वर्गात नोंदणी होते. त्याचे नियम २०१७ चे. पदवीनंतर ५ वर्षांचा अनुभव, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षेत ६० टक्के गुण. पुस्तकं आणली, वाचायला बसले. अर्थशास्त्र, कायदे, मूल्यांकनाच्या पद्धती, सगळं मोलाचं होतं. पण तो सगळा अभ्यास ‘या घराची किंमत किती’ या प्रश्नाचा आहे. घराची किंमत आणि घराची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोक्याच्या जागेवरच्या पोखरलेल्या घराला चांगला भाव येतो, आणि आडबाजूच्या ठणठणीत घराला कोणी विचारत नाही. तिसऱ्याने वायरमनच्या परवान्याचं सुचवलं. तो फक्त विजेच्या कामाचा. शेवटी एका जुन्या ठेकेदाराने समजूत घातली, ‘ताई, बघायला कसला परवाना? सही करायला लागतो तो परवाना.’

त्या वाक्याने मला वाट सापडली. घर पाहून मत द्यायला कायद्याने कोणाला अडवलेलं नाही. पण ‘ही इमारत राहण्यायोग्य आहे’ असं कागदावर लिहून खाली सही करायची, आणि ती सही नगरपरिषदेने किंवा सोसायटीने मानायची, तर त्यासाठी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियर असावं लागतं. त्याची पात्रता यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या परिशिष्ट ‘सी’मध्ये दिली आहे. मुंबई आणि काही खास क्षेत्रं वगळता बहुतेक महाराष्ट्राला हीच नियमावली लागू आहे, रत्नागिरी नगरपरिषदेलाही. आर्किटेक्ट, इंजिनियर, स्ट्रक्चरल इंजिनियर, नगररचनाकार, सुपरवायझर असे वर्ग त्यात आहेत. कोणी काय शिकलेलं असावं, कोणाची सही कुठे चालेल, कोणाची जबाबदारी कुठपर्यंत, सगळं लिहिलेलं आहे. स्ट्रक्चरल इंजिनियरला स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी आणि किमान ३ वर्षांचा अनुभव हवा, तोही डिझाइन आणि फील्ड या दोन्ही कामांचा. स्ट्रक्चरमधली पदव्युत्तर पदवी असेल तर २ वर्षं पुरतात.

‘डिझाइन’ या शब्दापाशी माझं घोडं अडलं. माझ्या अनुभवाच्या दाखल्यात क्वांटिटी, बिलिंग आणि साइट सुपरव्हिजन होतं. शेकडो कॉलमचं काँक्रीट मी उभं राहून ओतून घेतलेलं, पण त्या कॉलममध्ये किती सळई घालायची हे दुसऱ्याने ठरवलेलं. तेव्हा इथल्याच एका ज्येष्ठ स्ट्रक्चरल इंजिनियरांकडे उमेदवारी करायची ठरवलं. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणू लागले. ते म्हणाले, ‘ये. पण आधी चार इमारतींच्या गच्च्यांवर चढ, मग संगणकावर बस.’

मांडवीच्या बाजूची एक तीन मजली इमारत माझ्या कायम लक्षात राहिली आहे. सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट काढलं होतं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तशी तरतूदच आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं. मी रिबाउंड हॅमर घेऊन पार्किंगमधल्या एका बीमवर आकडे घेत होते. हे यंत्र काँक्रीटच्या पृष्ठभागावर दाबायचं, आतलं वजन आपटून मागे उसळतं, आणि जितकी उसळी जास्त तितकं काँक्रीट कठीण. आकडे छान येत होते. सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या खांद्यामागून वाचत होते, ‘वा, म्हणजे बीम भक्कम आहे तर.’ मलाही तसंच वाटलं. पण त्याच बीमच्या खालच्या अंगाला, सळईच्या रेषेत, केसाएवढी भेग लांबवर गेलेली होती आणि तिच्या कडेला तांबूस डाग होता. आकडा एक सांगत होता आणि डोळे दुसरंच.

सरांनी छिन्नीने थोडं काँक्रीट फोडायला लावलं, धूळ पुसली आणि ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यावर हे द्रावण गडद गुलाबी होतं. इथे पृष्ठभागापासून बऱ्याच खोलीपर्यंत रंगच उमटला नाही. सळई लागली, तिच्याभोवतीही काँक्रीट करडंच राहिलं. सळईच्या मागे गेल्यावर कुठे गुलाबी कड दिसली.

त्याचा अर्थ सरांनी तिथेच, पार्किंगमध्ये उभ्या उभ्या समजावला. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपतो आणि त्याची अल्कता मारत जातो. त्या अल्कतेनेच सळईवर संरक्षक थर धरलेला असतो. ती गेली की सळई उघडी पडल्यासारखीच. वर खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड असतं, ते तर या तपासणीत दिसतही नाही. त्यासाठी काँक्रीटमध्ये ड्रिल मारून भुकटी प्रयोगशाळेत पाठवावी लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून सळई फुगते, काँक्रीटला तडा देते आणि पापुद्रा खाली येतो. आणि हॅमरचा आकडा? कार्बन शिरलेलं काँक्रीट वरून उलट जास्त कठीण होतं! या चाचणीच्या भारतीय मानकातच इशारा आहे की अशा पृष्ठभागावर ताकदीचा अंदाज ५० टक्क्यांपर्यंत फुगू शकतो, आणि एरवीही या यंत्राचा अंदाज २५ टक्के इकडे-तिकडे होतो. म्हणून नुसत्या हॅमरवर कोणी दाखला देत असेल, तर घरमालकाने तो मानू नये. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून वेग मोजणारी यूपीव्ही चाचणी, गंजाची शक्यता सांगणारी हाफ-सेल चाचणी, लागलाच तर कोअर काढून दाबाची परीक्षा, असं सगळं ताडून पाहावं लागतं. ही सगळी यंत्रं हाताळायला फार वेळ लागत नाही. कुठल्या जागी लावायची हे ओळखायला लागतो.

त्या रात्री आयएस ४५६ हे काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक मी पुन्हा काढून वाचलं. कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलेला तक्ता आता वेगळा दिसू लागला. आडोशाला असलेल्या, खाऱ्या हवेपासून सुरक्षित पृष्ठभागाला ३० मिलिमीटर कव्हर (म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर), किनाऱ्याच्या हवेत उघड्या पृष्ठभागाला ४५, समुद्राचे तुषार येत असतील तर ५०. काँक्रीटची किमान प्रतही त्याप्रमाणे एम २५, एम ३०, एम ३५. हे सन २००० चं मानक आहे. त्याआधीच्या, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच्याही किती तरी इमारतींत मला सळई जेमतेम २० मिलिमीटरवर सापडली आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि बारा महिने खारा वारा, यांच्यासमोर ते दोन बोटांपेक्षाही कमी जाडीचं कवच किती तग धरणार?

हे झालं काँक्रीटचं. मी खरी चक्रावले ती जांभ्याच्या घरात.

पावसजवळच्या एका वाडीत जुनं चौसोपी घर होतं. मालकीण आजी एकट्या राहत होत्या, आणि मुंबईतल्या मुलांना घर ठेवायचं की उतरवायचं हे ठरवायचं होतं. आजी ओटीवर बसून म्हणाल्या, ‘बाय, माझ्या सासऱ्याने बांधलंन् हे घर. चिरे इथल्याच खाणीतले.’ मी पिशवीतून हॅमर काढला आणि तसाच परत ठेवला. इथे त्याचा काय उपयोग? चिऱ्याच्या भिंती, मातीच्या दरजा, सागाच्या तुळया, वासे, रिपा आणि वर मंगलोरी कौलं. सळई कुठेच नाही. माझ्या परिशिष्टात, माझ्या मानकात, माझ्या पदवीत या घराला जागाच नव्हती. जांभ्याच्या चिऱ्यासाठी १९७९ चं एक भारतीय मानक आहे खरं. चिऱ्याने प्रति चौरस मिलिमीटर किमान ३.५ न्यूटन दाब सोसावा असं ते सांगतं. ते खाणीतून निघणाऱ्या चिऱ्याचं झालं. पिढ्या पाहिलेली भिंत कशी तपासायची, हे त्यातून कळत नाही.

मग सरांनी बोलावलेल्या एका वयस्कर सुतारकाकांनी मला ते घर वाचायला शिकवलं. त्यांनी आधी घराला बाहेरून फेरी मारली. पावसाची झड कुठल्या अंगाने येते ते विचारलं आणि त्या भिंतीपाशी थांबले. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत कडक होतो, पण तो सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. त्या भिंतीला कोणीतरी अलीकडे सिमेंटचा गिलावा केला होता. बाहेरून भिंत चकचकीत, पण आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाटच बंद. काकांनी खालचा गिलावा टोकरला, तर आतला चिरा ओला आणि हाताने भुगा होणारा. मग ते आत आले आणि खांबांच्या बुडात स्क्रूड्रायव्हर रोवून पाहू लागले. एका खांबात तो मुठीपर्यंत गेला. वाळवी. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक मात्र त्यांनी सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. ओल तिथे साचते आणि लाकूड कुजतं ते तिथूनच, बाहेरचा भाग कितीही टणक दिसला तरी. आढं वाकलेलं नव्हतं, पाखं सरळ होती, तडे होते पण जुने, त्यांच्यात धूळ आणि कोळ्यांची जाळी भरलेली. नवा तडा आतून स्वच्छ असतो, कडा धारदार असतात. शेवटी त्यांनी निवाडा दिला, ‘खांब बदला, गिलावा काढा, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्या. घर उतरवायची काही गरज नाही.’ मुलांनी ते ऐकलं. घर उभं आहे.

त्या काकांकडे कुठलाही परवाना नाही. माझ्याकडे आता आहे. पदवी, अनुभवाचे दाखले, फोटो, शुल्क, सगळं रीतसर भरून नगरपरिषदेकडे अर्ज केला आणि काही काळाने स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून नोंद झाली. आनंद झाला, आणि लगेच सहीचं ओझंही जाणवलं. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसं गेली, तेव्हा बिल्डरबरोबर आरसीसी सल्लागार आणि आर्किटेक्ट यांच्यावरही गुन्हा दाखल झाला होता. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. धोकादायक इमारतींच्या यादीत अशी इमारत येतच नाही, कारण तिच्याकडे पाहायला कोणी जातच नाही.

माझी अस्वस्थता नेमकी इथे आहे. कायदा घराकडे प्रामुख्याने दोनदा पाहतो. एकदा बांधताना, परवानगीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत, आणि एकदा पडायला आल्यावर, धोकादायक ठरवून नोटीस देताना. मधली तीस-चाळीस वर्षं घर मालकाच्या नशिबावर. सोसायटीचे उपविधी आहेत, पण सोसायटी स्थापनच झालेली नसेल तर ते कोण पाळणार? वाडीतल्या घरांना तर तेही नाहीत. आणि तपासायला जाणाऱ्या माणसासाठी वेगळा वर्ग, वेगळं शिक्षण, घरांवरची उमेदवारी काहीच नाही. मला जो परवाना मिळाला तो काँक्रीटचं गणित येतं म्हणून. तुळईचं टोक पाहता येतं की नाही, हे मला कोणी विचारलं नाही. राज्याने गृहतपासनीस असा स्वतंत्र वर्ग परिशिष्टात घालावा, त्यात काही तास प्रत्यक्ष घरांवर काढणं सक्तीचं करावं, आणि कोकणात ते तास सुतारकाकांसारख्या माणसांच्या हाताखाली, जांभ्याच्या घरांतही काढायला लावावेत, असं मला मनापासून वाटतं. ते होईल तेव्हा होईल. तोवर जे आज करता येतं ते करायला हवं.

मी स्वतःपुरते काही नियम घालून घेतले आहेत. ज्या घराची तपासणी करते, त्याच्या दुरुस्तीचं काम मी घेत नाही. फुकट तपासणी करून वॉटरप्रूफिंगचं कोटेशन हातात ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांना गळती सापडली नाही तर त्यांचं पोट चालत नाही, म्हणून त्यांचा शब्द तिथेच हलका होतो. अहवालात जे पाहिलं ते लिहिते आणि जे पाहता आलं नाही तेही लिहिते. बंद खोली, पीओपीच्या छतामागचा स्लॅब, फर्निचरमागची भिंत. विक्रीच्या तोंडावर नवा रंग आणि नवं पीओपी केलेलं असेल तर तेवढंच वेगळं नमूद करते.

घर घेणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. शक्यतो पावसाळ्यात घर पाहा, उन्हाळ्यात गळती दिसत नाही. आपल्या फ्लॅटइतकंच वरच्या मजल्याचं बाथरूम, गच्ची, पाण्याच्या टाकीखालचे बीम आणि पार्किंगमधले कॉलम पाहायला मागा. सोसायटीकडे शेवटचा ऑडिट अहवाल मागा आणि त्यातली दुरुस्ती झाली का ते विचारा. नवा फ्लॅट असेल तर लक्षात ठेवा, रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत दिसलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. ती मुदत संपायच्या आत एकदा जाणकाराकडून तपासणी करून घ्या आणि दोष लेखी कळवा.

‘नुसतं बघायचे पैसे?’ असं अजून विचारलं जातं. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. वकिलाला आपण कागद बघायचेच पैसे देतो. कागद खोटा निघाला तर पैसे बुडतात. बीम खोटा निघाला तर त्याखाली माणसं झोपलेली असतात. सर्च रिपोर्ट हातात आल्याशिवाय विसार द्यायचा नाही, ही शिस्त आपण अंगी बाणवलीच आहे. त्याच्या शेजारी घराच्या तपासणीचा अहवालही यायला हवा. परवाना हवा होता तो त्या अहवालाखाली सही करता यावी म्हणून, आणि ती सही करताना आता मी घर पुरतं पाहून झालं का, हे स्वतःला दोनदा विचारते.